माती आमची, पाणी तिचं

पुष्पावती माझी धाकटी जाऊ. लोक म्हणायचे, तिच्यावरून मनकर्णेच्या, म्हणजे माझ्या, पोटात दुखतं. दुखायचंच. खोटं कशाला बोलू? आता माझं वय झालं, झाकून ठेवण्यात काही राम नाही. फक्त दुखायला कारण होतं की नव्हतं ते आधी ऐका, मग काय नावं ठेवायची ती ठेवा.

आमचं बोरटेक राहुरी तालुक्यात, माळाच्या उतरणीला. आम्ही गावात राहत नव्हतो, रानात वस्ती होती. माझे मालक थोरले, पुंजाराम भाऊजी धाकटे. दोघांची वाटणी झाली ती आमच्याकडच्या रीतीनं. थोरल्यानं वाटे पाडायचे आणि धाकट्यानं आधी उचलायचा, म्हणजे थोरल्याला लबाडी करायला जागा राहत नाही. मालकांनी वरचं विहिरीचं रान एकीकडं ठेवलं, खालचं बाभळीचं रान दुसरीकडं. खालचं काळं होतं, थोडं जास्तही होतं, पण पाण्याचा टिपूस नाही आणि बाभळी इतक्या की त्यात शिरलेलं शेरडू काटे घेऊनच बाहेर यायचं. भाऊजींनी खालचं उचललं. पंच एकमेकांकडं बघून हसले. मी आत चूल फुंकत बसले होते. वरून काही दाखवलं नाही, पण मनातल्या मनात गूळ वाटून मोकळी झाले.

घर मात्र एकच राहिलं. लांबलचक घर, त्यात मधोमध मातीची भिंत घातली आणि दारं दोन केली. तिच्या तव्यावर भाकरी करपली की मला आधी कळायचं.

पाच वर्षं मी रुबाबात काढली. मग धरणाचा पाट आला. लाल झेंडे घेऊन साहेब लोक आले, दोऱ्या धरल्या आणि पाट नेला तो नेमका आमच्या दोघांच्या बांधावरून. पाटाचं पाणी उताराला जातं, चढाला चढत नाही, हे शेंबड्या पोरालाही कळतं. खालचं सगळं रान बागायत झालं, आमचं वरचं कोरडं ते कोरडंच. बरं, पाटाच्या भरावाला माती लागते, ती कुठून आणली? आमच्या रानातून. पाटाच्या वरच्या अंगाला ओळीनं सहा खाणी खणल्या, माती-मुरूम काढून भराव घातला आणि खाणी तशाच तोंड वासून टाकून साहेब लोक निघून गेले. माती आमची, पाणी तिचं. आमच्या म्हशीनं पाटात तोंड घातलं तर पाटकरी शिट्ट्या मारायचा.

पुष्पावतीनं बाभळी तोडल्या, ऊस लावला. पहिला ऊस कारखान्याला गेला आणि दारात टायरची बैलगाडी उभी राहिली. मग रेडिओ आला. तो ती मुद्दाम मधल्या भिंतीला लावून ठेवायची, असं माझं ठाम मत होतं. नायलॉनचं पातळ नेसून धुणं धुवायला जायची. वर म्हणायची, नायलॉन लवकर वाळतं. कानामागून आली अन् तिखट झाली म्हणतात, ते मी रोज डोळ्यांनी बघत होते.

बहात्तरच्या दुष्काळात आमची विहीर तळाला गेली. मी आणि मालक दुष्काळी कामावर जायचो, मी पाट्या टाकायची, ते दगड फोडायचे. पाटाला तेव्हाही महिन्या-दीड महिन्यानं का होईना पाणी यायचं. आम्ही कामावरून परतलो की माझ्या उंबऱ्यावर पाण्यानं भरलेली कळशी ठेवलेली असायची. पुष्पावती ठेवायची आणि एक अक्षर न बोलता निघून जायची. बोलली असती तर मी चार शब्द सुनावले असते. न बोलता ठेवलेलं पाणी परत कसं करायचं? मी ते प्यायची आणि घोटागणिक जळायची.

हेही मी गिळलं असतं. पण तिला बनू होती.

मला मूलबाळ नाही. सगळे देव करून झाले, नगरचे दोन दवाखानेही झाले. बनू तिची एकुलती एक, तेव्हा सहा वर्षांची, सावळी, समोरचे दोन दात पडलेली. आणि बनू माझ्याकडं झोपायची. जेवणं झाली की आपली गोधडी काखेत मारून यायची आणि माझ्या अंथरुणाला अंथरूण लावायची. मी तिला गोष्ट सांगायची, पाठ खाजवून द्यायची, गुळाचा खडा द्यायची. मालक त्यांची खाट घेऊन अंगणात जायचे. विहिरीवर चार बाया जमल्या की मी हटकून विषय काढायची, "आमची बनू बाई आईला सोडून मलाच बिलगती. काय करावं?" पुष्पावती तिथंच खाली मान घालून कपडे आपटत असायची. तिचं तोंड बघून मला पोटभर जेवल्यासारखं वाटायचं. पाट घे, ऊस घे, रेडिओ घे. पोर माझ्याकडं झोपते, त्याचं काय करशील?

आता तापाचं सांगते. आमच्या माळावर पूर्वी ताप म्हणजे भादव्यातले चार दिवस. पाट आला आणि त्याच्या मागून हिवताप आला. थंडी वाजून यायची, दात वाजायचे, मग अंगाची भट्टी व्हायची, घाम फुटायचा आणि माणूस बरं व्हायचं. एक दिवस मध्ये गेला की पुन्हा तेच. मलेरिया खात्याचा थॉमस साळवे पंधरा दिवसांनी सायकलवर यायचा. तो देवळाली प्रवऱ्याचा, ख्रिस्ती घरातला, चाळिशीचा माणूस. घरात कुणी तापलं का विचारायचा, तापलं असेल तर बोटाला सुई टोचून काचेच्या पट्टीवर रक्ताचा थेंब घ्यायचा, कडू गोळ्या द्यायचा आणि दाराबाहेर रंगवलेल्या चौकोनात तारीख लिहून जायचा. चहाला बसला की त्याची जीभ मोकळी व्हायची.

"मावशी, आमच्याकडं प्रवरेचा पाट आला तवा माझा आजा जवान हुता. तो सांगायचा, आधी ऊस आला अन् मागनं थंडीताप आला. पाटाच्या कामावर गेलेली घरंच्या घरं कापत पडली. मानसं म्हनायची, उसाची हवा बाधली. हवा कशाची बाधती? वाहत्या पान्यानं बी काय हुत न्हाई. पन मानसानं खड्डा खनला, पानी कोंडलं, की त्यात डास पैदा झालाच समजा. तुमचा माळ कोरडा हुता म्हनून निरोगी हुता."

पहिल्या वर्षी खालच्या अंगाचे ऊसतोडीचे मजूर तापले, मग पुष्पावती तापली. तीन गोधड्या अंगावर, तरी खाट हलत होती. मी तांदळाच्या कण्यांची कण्हेरी करून घेऊन गेले. लोक म्हणाले, जाऊ असावी तर अशी. मला तर नुसतं बघायचं होतं. बागायतदारीण कशी कुडकुडते ते डोळे भरून बघितलं, आणि दोन दिवस माझं मन हलकं राहिलं. देवानं काही वाटलं तर ते कुणाला फुकट दिलेलं नसतं, असं मी मालकांना म्हणाले. ते माझ्याकडं बघून नुसते तंबाखू मळत राहिले.

दुष्काळ सरला त्या साली पाऊस चांगला झाला. माळावरून येणारं पाणी पूर्वी ओढ्यानं निघून जायचं, आता ते पाटाच्या भरावाला अडलं आणि आमच्या सहाही खाणी काठोकाठ भरल्या. मला केवढा आनंद झाला! एवढ्या वर्षांत पहिल्यांदा माझ्या रानात माझं पाणी उभं राहिलं होतं. म्हैस दिवसभर त्यात डुंबायची. घराजवळच्या दोन खाणींच्या काठानं मी वांगी लावली. येता-जाता पुष्पावतीला दिसतील अशी लावली.

थॉमस आला, खाणीत वाकून बघितलं आणि मला हाक मारली. पाण्यात इवल्या इवल्या अळ्या वळवळत होत्या.

"मावशी, हे पानी काढून द्या. एक चर खंदला की ओढ्याला जाईल. न्हाईतर मी जळकं तेल आनून टाकतो."

"माझ्या पान्यात तेल? अन् म्हशीनं काय प्यावं? तिचा आख्खा ऊस पान्यात उभा हाय, ते न्हाई दिसत तुमाला?"

"उसात पानी येतं अन् मुरतं. हे बसून ऱ्हातं."

"तिनंच सांगितलं असंल तुमाला. माझ्या दारात दोन घागरी पानी आलं तर डोळ्यात खुपलं तिच्या."

थॉमसनं हात जोडले आणि सायकलला टांग मारली. मालकही म्हणाले, चर खणायला अर्धा दिवस लागेल, खणून टाकू. मी म्हणाले, खणा, मग मीही माहेरी जाते. चर काही खणला नाही.

नागपंचमीच्या सुमाराला फवारणीवाले आले. पाठीवर पंप, तोंडाला फडकी. सगळी भांडी अंगणात काढायची, आणि ते आतून भिंतीभिंतीला औषध मारायचे. वाळल्यावर भिंतींवर पांढरे ओघळ उठायचे आणि चार दिवस घरात डोकं उठवणारा वास राहायचा. थॉमस दोन्ही दारांत उभा राहून बजावत होता, "तीन महिने भितीला पोतेरं लावू नका. डास मानसाला चावला की जड हुतो, उडवत न्हाई त्याला, मग भितीवर टेकतो. तितं औषध असलं की मेला. तुमी वरनं सारवलं की औषध शेनाखाली अन् डास वर." पुष्पावतीनं मान हलवली. मीही हलवली.

पण पुढं महालक्ष्म्या होत्या. काही ठिकाणी गौरी म्हणतात, आमच्याकडं महालक्ष्म्या. वाटणी झाली तरी त्या थोरल्या घरीच बसतात. वर्षातले हेच तीन दिवस असे, की ज्या दिवसांत पुष्पावती नायलॉनचं पातळ नेसून का होईना माझ्या चुलीपुढं पुरण वाटायला बसायची आणि गावच्या बाया हळदीकुंकवाला माझ्या दारात यायच्या, तिच्या नाही. भाद्रपद उजाडला आणि मी भिंतींकडं बघितलं. पांढरे ओघळ, ओरखडे. अशा घरात लक्ष्म्या आणायच्या? खालच्या बागायतदारणी येणार, त्यांना हेच दाखवायचं?

मी शेण कालवलं, माती कालवली आणि दोन दिवसांत चारही भिंती सारवून काढल्या. वरून पांढऱ्या मातीचा हात दिला, गेरूनं वेल काढली. पुष्पावती रीतीप्रमाणे मदतीला आली होती. मातीची पाटी धरून एकदा म्हणाली, "आक्का, थॉमसभाऊ न्हाई म्हनले हुते."

"थॉमसच्या घरी बसत्यात का महालक्ष्म्या? त्याला काय कळतंय?"

ती पाटी पुढं करत राहिली. तिनं तिच्या भिंतींना हात लावला नाही. हळदीकुंकवाला आलेल्या बाया आधी माझ्या घरात आल्या, वेल बघून तोंडभर बोलल्या, मग तिच्या दारातून डोकावून हसत म्हणाल्या, "पुष्पाबाईच्या भिती बाई देवीचे वन उठलेल्या तोंडावानी झाल्यात." मी ते हसणं आठ दिवस पुरवून पुरवून वापरलं. बनूसुद्धा माझ्या घरात आली की नाक भिंतीला लावून म्हणायची, मोठ्या आई, तुझ्या भितीचा वास चांगला येतो. तिच्या आईच्या घरात औषधाचा वास होता. आणखी काय पाहिजे होतं मला?

पंधरा-सोळा दिवसांनी बनू तापली.

आधी वाटलं, दृष्ट लागली. अंगारा लावला, मीठ-मोहऱ्या ओवाळल्या. तिसऱ्या दिवशी पुन्हा थंडी वाजली तेव्हा भाऊजींनी थॉमसला निरोप धाडला. तो आला, पोरीच्या बोटाचं रक्त घेतलं आणि मग पुष्पावतीच्या घरात शिरून नखानं भिंत खरवडून बघितली. बोटाला पांढरी भुकटी आली.

"औषध तर जागच्या जागी हाय," तो म्हणाला. मग त्यानं विचारलं, "पोर झोपती कुटं?"

आम्ही चौघं तिथं उभे होतो. विहिरीवर आणि बाजारात ज्या गोष्टीचा मी डंका पिटला होता, तीच गोष्ट तो विचारत होता. पण माझ्याकडं झोपते म्हणाले असते तर तो माझ्या घरात शिरला असता, वेल काढलेली भिंत बघितली असती आणि पुष्पावतीसमोर माझं तोंड काळं झालं असतं.

"झोपंल कुटं? आईजवळ," मी म्हणाले.

पुष्पावतीनं माझ्याकडं बघितलं. एकदाच. मग खाली बघून म्हणाली, "व्हय. माझ्याजवळच."

भाऊजींनी तोंड उघडलं आणि बायकोकडं बघून मिटलं. थॉमसनं दारातून उसाकडं बघितलं. मग तो म्हणाला, म्हणजे पोरीला बाहेर, उसाच्या बांधावर चावलं असणार. "दिवस मावळायच्या आत पोरीला घरात घ्या. घराबाहेर ठिवू नका." तीन दिवसांच्या गोळ्या दिल्या आणि गेला. रक्ताचा निकाल यायला तेव्हा तीन-तीन आठवडे लागायचे.

दोन दिवसांत बनूला जरा हुशारी आली आणि दिवस मावळायच्या आत ती घरात आली. माझ्या घरात. मी तिला परत पाठवायला हवं होतं, हे मला तेव्हाही कळत होतं. पण पाठवलं असतं तर पोर त्या आठ-पंधरा दिवसांत आईच्या सवयीची झाली असती, आणि मग माझ्याकडं काय उरलं असतं? सकाळची गोळी तिची आई नाक दाबून घालायची. पोर हंबरडा फोडायची. संध्याकाळची गोळी माझ्याकडं असायची. तिनं ती तोंडात फिरवून माझ्या तळहातावर थुंकली आणि मी तिला गुळाचा खडा दिला. आई मारून गोळी घालते आणि मोठी आई गूळ देते, हे पोरीच्या ध्यानात राहावं असं मला वाटलं. असं मी दोनदा केलं.

दसऱ्याच्या आधी तिला पुन्हा ताप चढला. या वेळी घाम फुटलाच नाही. दुपारी ती बरळायला लागली, मग डोळे पांढरे केले आणि हातपाय ताठ झाले. भाऊजींनी टायरच्या गाडीला बैल जुंपले. पुष्पावतीनं पोर मांडीवर घेतली, मी पायाशी बसले. 

तालुक्याच्या दवाखान्यात डॉक्टरांनी पोरीचे डोळे उघडून बघितले आणि म्हणाले, ताप डोक्यात गेलाय, आज-उद्या काही सांगता येत नाही. सलाईन लावता लावता विचारलं, "आधी गोळ्या दिल्या होत्या ना? पुऱ्या घेतल्या?"

"पुऱ्या घेतल्या," पुष्पावती म्हणाली.

"न्हाई घेतल्या," मी म्हणाले. "संध्याकाळच्या दोन तिनं थुकल्या. माझ्या हातावर थुकल्या."

डॉक्टरांनी कपाळाला आठ्या घातल्या आणि आम्हाला बाहेर काढलं. व्हरांड्यात पुष्पावती भिंतीला टेकून बसली. मी तिच्यासमोर बसले. गोळ्यांचं निघालंच होतं, तर राहिलेलं पोटात ठेवून काय करायचं होतं?

"पुष्पे, भित मी सारवली. औषध सगळं खाली गेलं. खानींचं पानीबी मीच काढू दिलं न्हाई."

"मला सांगता व्हय?" ती म्हणाली. "मातीची पाटी धरून तुमच्या मागं कोन उभं हुतं?"

"मंग थॉमसम्होरं बोलली का न्हाईस?"

"कसं बोलू?" आता तिचा आवाज चढला, व्हरांड्यातली माणसं वळून बघायला लागली. "मोठ्या जावंला परक्या मानसाम्होरं खोटी पाडू? आई-बापानं हेच शिकवलं मला? तुमचा मान ठिवला मी, आक्का. मान ठिवला अन् पोर गाडीत घालून आनली. उठा. माझ्याम्होरं बसू नका. उठा म्हनते ना!"

मी उठले. पायऱ्यांवर जाऊन बसले आणि तिथंच रडले, ते पोरीसाठी किती आणि स्वतःसाठी किती, देव जाणे.

दुसऱ्या दिवशी मालकांसोबत मी थॉमसला शोधत गेले. तो शेजारच्या वाडीत होता, पारावर दहा-बारा माणसं बसली होती. त्यांच्यादेखत सांगितलं. पोर माझ्या घरात झोपत होती, भिंत मी सारवली, खाणींचं पाणी मी काढू दिलं नाही, विचारलं तेव्हा खोटं बोलले. थॉमसनं डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. मला वाटलं, आता हा मला फाडून खाईल. पण तो एवढंच म्हणाला, "मावशी, पंधरा दिवस मी उसातले डास शोधत हिंडलो." मग सायकल घेऊन फवारणीवाल्यांना बोलवायला गेला.

मालकांनी एका दिवसात चर खणला. पाणी ओढ्याला गेलं, माझी वांगी सुकून गेली. फवारणीवाल्यांनी माझ्या गेरूच्या वेलीवर औषध मारलं, पांढरे ओघळ उठले. मी भांडी घेऊन अंगणात बसून राहिले.

बनू वाचली. पाचव्या दिवशी तिनं डोळे उघडून पाणी मागितलं, बाराव्या दिवशी घरी आली. अंगावर नुसती कातडी, केस गळलेले. रक्ताचा निकाल ती घरी आल्यानंतर चार दिवसांनी आला. पुष्पावती माझ्याशी कामापुरतं बोलायची. बनू तिच्याजवळ झोपायची, आणि भिंतीपलीकडून तिचं बोलणं ऐकत मी कूस बदलत पडायची. मला शिक्षा झाली होती, आणि ती रास्त होती, हे मला पटत होतं. तरी पोट दुखायचं थांबलं नाही. आता सगळंच तिचं झालं, हे काही केल्या गळ्याखाली उतरत नव्हतं.

दिवाळी होऊन गेली. एक दिवस दिवेलागणीला मी कंदिलाची काच पुसत होते, तर दारात बनू. काखेत गोधडी.

लाज सोडून सांगते, माझ्या मनात पहिलं काय आलं ते. आलीच शेवटी! आई बारा दिवस उशाशी बसली, गळ्यातला ताईत करून ठेवली, तरी पोर आली ती माझ्याकडंच. मी काच खाली ठेवली, तिला मांडीवर ओढली. अंगावर अजून मांस धरलं नव्हतं.

"आईला चुकवून आलीस व्हय गं?"

तिनं मान हलवली. "न्हाई. आईनंच धाडलं. म्हनली, आता मोठ्या आईच्या भितीला औषध हाय, जा."

"पन तुला यायचंच हुतं ना?"

ती गोधडीचा टाका नखानं उसवत बसली.

"बोल की. मी रागवायची न्हाई."

"मला आईजवळ झोपायचं असतं," ती हळूच म्हणाली. "लई दिवसांपासनं. मी रडायचे आधी. आई म्हनायची, मोठ्या आईला कुनी न्हाई, तू जा. अन् रडू नको, तिला भितीपलीकडं ऐकू जाईल. मंग मी तोंड धुऊन यायचे."

मी खाली ठेवलेली काच उचलली आणि पुन्हा पुसायला लागले. पोरीला वाटलं, मी रागावले. ती घाईघाईनं म्हणाली, "पन गोष्टी चांगल्या असत्यात तुझ्या."

मी तिची गोधडी उचलली, तिचा हात धरला आणि तिच्या आईच्या दारात गेले. पुष्पावती भाकरी थापत होती, पिठाच्या हातांनीच उठली.

"काय झालं, आक्का? पोर काय बोलली का?"

"काय न्हाई. हिला आजपासनं तुझ्याजवळ घे. मला एकटीला चांगली झोप लागती."

ती माझ्याकडं बघत उभी राहिली. माझं खोटं तिला कळलं होतं, आणि याही वेळी ती मला खोटी पाडणार नव्हती. मला तिचा इतका हेवा जन्मात कधी वाटला नव्हता.